संशय आणि अनुमान : सापडलेल्या चिठ्ठीचे साहित्य

दोन भाषा कानावर घेत वाढलेल्या सीमाभागातील माणसाला एक फायदा मिळतो. एकच शब्द शेजारशेजारच्या दोन घरांत वेगवेगळा संसार कसा थाटतो, हे त्याला घरबसल्या पाहायला मिळते. ‘अनुमान’ हा असाच एक शब्द. मराठीत अनुमान म्हणजे तर्काने काढलेला निष्कर्ष. डोंगरावर धूर दिसतो, त्याअर्थी तेथे अग्नी असला पाहिजे, हे न्यायशास्त्राचे ठरलेले उदाहरण आपण कधीतरी शिकलेले असतो. कन्नडात मात्र रोजच्या बोलण्यात ‘अनुमान’ म्हणजे चक्क संशय. हैदराबादकडच्या मराठी वाचकांना तेलुगूतील ‘अनुमानम्’ही याच अर्थाने परिचित असेल. आपण मराठी माणसे दोन शब्दांनी ज्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो, त्या शेजाऱ्यांनी एकाच शब्दात बांधल्या आहेत. आणि त्या बांधणीत मोठे शहाणपण आहे असे मला वाटते. संशय हेही एक अनुमानच असते. फक्त ते काढणारा माणूस दुखावलेला असतो आणि फार घाईत असतो.

नवराबायकोपैकी एकाने लपवून ठेवलेली चिठ्ठी, तसबीर किंवा पत्रांचा जुडगा दुसऱ्याच्या हाती लागतो आणि घर हादरते, ही घटना साहित्याला फार जुन्या काळापासून ओढ लावीत आली आहे. कालिदासाने ती हाताळली, शेक्सपिअरने हाताळली, मोलियरने तिच्यावर हसवले आणि एकोणिसाव्या शतकातील युरोपीय कादंबरीने तर तिच्यावर आपला मोठा इमला उभारला. अशा कलाकृती वाचताना आपले सारे लक्ष सहसा एकाच प्रश्नाकडे असते. जिच्यावर किंवा ज्याच्यावर संशय आहे, ती व्यक्ती दोषी की निर्दोष? माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. त्याऐवजी तीन साधे प्रश्न विचारून पाहावेत. चिठ्ठी कोणाच्या हाती पडली? त्याने काढलेले अनुमान पडताळून पाहिले का? आणि अखेर किंमत कोणी मोजली? हे प्रश्न घेऊन काही कलाकृतींकडे पाहिले असता असे दिसते, की चिठ्ठीत काय लिहिले आहे यापेक्षा ती कोणाच्या हातात पडली यावरच पुढची सारी कथा ठरते.

१

सुरुवात घरापासूनच करू. गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) आपल्या भागाला परके नव्हेत. त्यांचे शिक्षण बेळगावच्या हायस्कुलात झाले. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर त्यांना येथेच गुरू म्हणून लाभले, आणि पुढे काही काळ देवलांनी त्याच शाळेत शिक्षकी केली. या शिक्षकाने १८९० साली शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चे ‘झुंझारराव’ केले आणि १८९३ साली ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिले. मोलियरचे १६६० मधील प्रहसन, त्यावरून आर्थर मर्फीने १७६१ मध्ये रचलेली इंग्रजी सुखात्मिका आणि तीवरून देवलांचे हे नाटक, असा त्याचा प्रवास आहे. पुढे त्यात पदे घालून ते ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले आणि १९१६ साली, देवल गेले त्याच वर्षी, गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले.

या दोन नाटकांचा एकत्र विचार सहसा होत नाही. एक शोकात्मिका, दुसरी सुखात्मिका, म्हणून त्यांची कपाटेच वेगळी. पण एकाच लेखणीने तीन वर्षांच्या अंतराने एकाच विषयाच्या दोन बाजू लिहून पाहाव्यात, ही गोष्ट मला योगायोगाची वाटत नाही. पहिल्या नाटकात एका हातरुमालाने निष्पाप बायकोचा जीव घेतला. दुसऱ्या नाटकात एका तसबिरीने चारचौघांची तारांबळ उडवून प्रेक्षकांना हसवले. दोन्ही वस्तू मुक्या आहेत. दोन्ही वस्तू नायिकेच्या हातून नकळत पडतात आणि भलत्याच हाती जातात. मग एकीकडे खून आणि दुसरीकडे हशा, हा फरक आला कोठून?

सर्वसाधारण उत्तर असे, की ‘ऑथेल्लो’मध्ये कान भरणारा खलपुरुष आहे आणि ‘संशयकल्लोळ’मध्ये तो नाही. हे खरे आहे. पण पुरेसे नाही. ऑथेल्लो विचारपूस करीतच नाही असेही नाही. तो बायकोला रुमालाबद्दल विचारतो. ती त्याच्या अवताराला घाबरून रुमाल हरवला नाही असे सांगते, आणि हे भीतीपोटीचे खोटे तिच्याविरुद्धचा पुरावा ठरते. तो तिच्या सखीलाही विचारतो. सखी शपथेवर तिच्या पावित्र्याची ग्वाही देते. पण ती ग्वाही त्याच्या कानापर्यंत पोचते, मनापर्यंत नाही. ज्याच्यावर आळ आहे त्या कॅसिओला तर तो एकदाही समोरासमोर विचारीत नाही. म्हणजे येथे विचारणारा एकटा, उत्तर जोखणारा तोच, आणि शिक्षा देणाराही तोच. डेस्डेमोनाला उलट प्रश्न विचारण्याची सोय नाही. हा सारा अधिकार एका हातात एकवटला आहे, म्हणून तो रुमाल प्राणघातक आहे.

आता ‘संशयकल्लोळ’ पाहा. रस्त्यात घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो आणि ते त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते आणि ती न्याहाळताना तिला फाल्गुनराव पाहतो. मग तीच तसबीर फाल्गुनरावापाशी गेल्याचे अश्विनशेठला कळते आणि तो रेवतीवर उलटतो. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. कोणाच्याही डोळ्यांनी कोणाला फसवलेले नाही. फाल्गुनरावाने परस्त्रीला हात दिला हे खरे. कृत्तिका परपुरुषाची तसबीर पाहत होती हेही खरे. धूर प्रत्येकाला खराच दिसला आहे. चूक झाली ती अग्नीचे अनुमान काढण्यात. सुखात्मिका म्हणून गाजलेल्या या नाटकाची तर्कशास्त्रीय बैठक इतकी पक्की आहे, की अनुमानाचे दोष शिकवायला वर्गात ते लावावे.

पण त्याहून महत्त्वाची गोष्ट कृत्तिका ही आहे. नवऱ्याइतकाच संशय घेण्याचा, त्याच्याइतकाच आवाज चढवण्याचा आणि त्याच्यावर पाळत ठेवण्याचा पूर्ण हक्क नाटकाने तिला दिला आहे. दोघांपाशी पुरावा सारख्याच वजनाचा आहे आणि दोघांची फजितीही सारखीच होते. हे बळ मूळ मोलियरचे, हे मान्य. तरीही १८९३ सालच्या मराठी प्रेक्षकांपुढे एक घरंदाज विवाहित स्त्री नवऱ्याला ‘तुम्ही कोठे होता?’ असे तोंडावर विचारते, आणि तिच्या विचारण्यात काही अनुचित आहे असे नाटक सुचवीत नाही, ही गोष्ट लहान नव्हे. संशयाची शस्त्रे दोघांच्या हाती सारखी आहेत म्हणूनच कोणाचा जीव जात नाही. आपण या नाटकाला ‘निखळ विनोदी’ म्हणून मोकळे होतो. त्या विनोदाखाली ही समानता आहे, हे आपल्या समीक्षेने पुरेसे सांगितलेले नाही.

अर्थात या समानतेला मर्यादा आहेत. पहिली मर्यादा रेवतीची. ती नायकिणीची मुलगी आहे हे नाटक आपल्याला विसरू देत नाही. कृत्तिकेवरचा संशय हा नवऱ्याच्या स्वभावाचा दोष म्हणून पाहता येतो. रेवतीवरच्या संशयाला मात्र तिच्या जन्माचा आधार मिळतो. कृत्तिका रागावू शकते, रेवतीला आधी आपली लायकी सिद्ध करावी लागते. दुसरी मर्यादा त्याहून मोठी आहे. येथे सारेच निर्दोष आहेत. समोरासमोर आले, बोलले, की गैरसमज फिटतो. पण समजा, चिठ्ठी खरी निघाली तर? समोरासमोर विचारल्यावर ‘होय’ असे उत्तर आले तर? त्या क्षणी ‘संशयकल्लोळ’चा पडदा पडलेला असतो. पुढचा प्रवास करायचा तर दुसऱ्या कलाकृतींकडे जावे लागते.

२

चिठ्ठी खरी आहे आणि ती बायकोच्या हाती पडली आहे, अशी पहिली मोठी कलाकृती आपल्याच परंपरेत आहे. ‘विक्रमोर्वशीय’ नाटकाच्या दुसऱ्या अंकात उर्वशी पुरूरव्याला भूर्जपत्रावर प्रेमपत्र लिहिते. राजा ते विदूषकाकडे सांभाळायला देतो. विदूषक तो विदूषकच. त्याच्या हातून पत्र निसटते आणि वाऱ्यावर उडत उडत नेमके औशीनरी राणीच्या पायातील नूपुरात अडकते. राणीची दासी ते वाचून दाखवते. इकडे राजा आणि विदूषक पत्राचा शोध घेत असतात, तोच राणी पुढे होऊन ते पत्र राजाच्या हातात ठेवते.

हा प्रसंग कालिदासाने हलक्या हाताने रंगवला आहे. राजा सारवासारव करतो, पायाही पडतो. राणी त्याचे ऐकून न घेता निघून जाते. येथपर्यंत औशीनरी आणि कृत्तिका बहिणी शोभतील. पण तिसऱ्या अंकात हीच राणी परत येते ती ‘प्रियानुप्रसादन’ नावाचे व्रत घेऊन. चंद्र-रोहिणीच्या साक्षीने ती सांगते, की आपल्या पतीला जी स्त्री हवी असेल तिच्याशी आपण सलोख्याने राहू. रसिकांनी या प्रसंगातील औदार्याचे कौतुक करावे, अशीच योजना आहे. मला मात्र दर वेळी वाटते, की येथे एका बाईला खरे अनुमान काढल्याबद्दल प्रायश्चित्त घ्यावे लागले आहे. पत्र खरे, संशय खरा, आणि व्रत तिच्याच माथी.

दीड हजार वर्षांनंतर रशियात काय घडते? टॉलस्टॉयची ‘ॲना कॅरेनिना’ उघडते तीच मुळी एका सापडलेल्या चिठ्ठीवर. ओब्लॉन्स्कीने मुलांना शिकवायला पूर्वी असलेल्या फ्रेंच बाईला लिहिलेली चिठ्ठी त्याची बायको डॉली हिच्या हाती लागते. चिठ्ठी हातात धरून ती विचारते, हे काय आहे? आणि ओब्लॉन्स्कीच्या चेहऱ्यावर नकळत त्याचे नेहमीचे, भलेपणाचे, वेडगळ हसू उमटते. पुढे त्याला पश्चात्ताप होतो तो कृत्यापेक्षा त्या हसण्याचा! टॉलस्टॉयची माणूस ओळखण्याची ताकद येथे दिसते. नकार नाही, क्षमायाचना नाही, राग नाही. फक्त एक सवयीचे हसू. डॉलीला जे जिव्हारी लागते ते पत्रातील मजकुरापेक्षा हे हसू होय.

घराची घडी विस्कटते. स्वयंपाकी निघून जातो, मुले घरभर उधळतात आणि पेटीची आगगाडी करून खेळतात. मग ओब्लॉन्स्कीची बहीण ॲना पीटर्सबर्गहून येते, भावजयीची समजूत घालते आणि डॉली राहते. का राहते? मुलांसाठी, आणि जाणार कोठे म्हणूनही. औशीनरीने व्रत घेतले, डॉलीने पोरांची नवीजुनी कापडे सांभाळत संसार पुढे ओढला. दोन्ही ठिकाणी चिठ्ठी बायकोच्या हाती पडली आणि दोन्ही ठिकाणी ती बायकोनेच गिळली.

आता त्याच कादंबरीतील दुसरे घर पाहा. ज्या ॲनाने भावाचा संसार सावरला, ती स्वतः व्हरॉन्स्कीच्या प्रेमात पडते. एका टप्प्यावर तिचा नवरा कॅरेनिन तिच्या मेजातील पत्रे जबरदस्तीने काढून घेतो. येथे पत्रे नवऱ्याच्या हाती पडली आहेत, म्हणून त्यांची किंमत निराळी. आता ती घटस्फोटाचे साधन आहेत, मुलाचा ताबा ठरवण्याचे साधन आहेत. पुढे ॲनाला आपल्या मुलाला चोरून भेटायला जावे लागते. एकाच कादंबरीत भाऊ आणि बहीण एकच अपराध करतात. भावाची नोकरी, मित्र, मेजवान्या सारे शाबूत राहते; बहिणीचे सारे जाते. टॉलस्टॉय ॲनाला क्षमा करतो की शिक्षा देतो, यावर समीक्षकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. पण दोन घरांत सापडलेल्या दोन पत्रांचा हा ताळेबंद मांडून त्याने जे सांगितले, ते कोणत्याही निवाड्यापेक्षा स्पष्ट आहे.

३

पत्र नवऱ्याच्या हाती पडल्यावर सूडच होतो असेही नाही. फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’ (१८५७) मधील शार्ल हा साधा खेडवळ डॉक्टर. बायको एमा विष घेऊन मेल्यानंतर त्याला माळ्यावर तिच्या प्रियकराचे एक पत्र सापडते. शार्लचे अनुमान काय? या दोघांचे प्रेम मनोमन असेल, निर्मळ असेल. पुरावा समोर आहे आणि मन तो वाचायला तयार नाही! फाल्गुनरावाच्या अगदी उलट टोकाचा हा वाचक. पुढे एके दिवशी तो तिच्या मेजाचा चोरखण उघडतो आणि तेथे दुसऱ्या प्रियकराच्या पत्रांचा ढीग आणि पहिल्याची तसबीर निघते. आता शंकेला जागाच उरत नाही. त्यानंतर त्या पहिल्या प्रियकराची गाठ पडते तेव्हा शार्ल त्याला म्हणतो, की माझा तुमच्यावर राग नाही, हा सारा दैवाचा दोष. समोरच्या माणसाला ही क्षमा हास्यास्पद वाटते. वाचकाला ती तशी वाटू नये, याची काळजी फ्लोबेरने घेतली आहे. पण तेवढ्यावर तो थांबत नाही. शार्ल मरतो आणि त्याची पोरकी मुलगी पोट भरायला सूतगिरणीत पाठवली जाते. एमाच्या पत्रांचा शेवटचा हिशेब एका लहान मुलीने चुकता केला.

जर्मन कादंबरीकार थिओडोर फोंटाने याची ‘एफी ब्रीस्ट’ (१८९५) आपल्याकडे कमी वाचली जाते, पण या विषयावर तिच्याइतकी नेमकी कादंबरी माझ्या वाचनात नाही. कोवळ्या वयात एफीचे लग्न तिच्याहून पुष्कळ मोठ्या इन्स्टेटन या सरकारी अधिकाऱ्याशी होते. एका आडगावी असताना क्रॅम्पास नावाच्या मेजरशी तिचे संबंध येतात आणि थोड्या काळात ते संपतातही. नवऱ्याची बर्लिनला बदली होते, संसार मार्गी लागतो. सहा वर्षे उलटून जातात. एके दिवशी एफी परगावी असताना त्यांची मुलगी ॲनी जिन्यावर पडते, कपाळाला खोक पडते. पट्टी शोधण्यासाठी मोलकरणी एफीचे शिवणकामाचे मेज फोडून उघडतात आणि त्यातून लाल दोऱ्याने बांधलेला पत्रांचा जुडगा बाहेर येतो. आता थेट पुरावाच आला.

फोंटानेचे सामर्थ्य पुढच्या संभाषणात आहे. इन्स्टेटन आपल्या मित्राला बोलावतो. तो कबूल करतो, की आपल्या मनात द्वेष नाही, सूडाची तहान नाही, बायकोवर अजून प्रेम आहे. मग द्वंद्व कशासाठी? मित्र विचारतो, इतक्या वर्षांनंतर हे कशाला? इन्स्टेटनचे उत्तर विलक्षण प्रामाणिक आहे. तुम्हाला बोलावण्यापूर्वी हे माझ्या एकट्याच्या हाती होते. तुम्हाला सांगितले आणि परतीची वाट बंद झाली. आता ही गोष्ट जाणणारा एक माणूस जगात आहे. उद्या मी कोणत्याही विषयावर क्षमाशील बोललो तरी तुमच्या डोळ्यांत मला ती आठवण दिसेल. म्हणजे पत्रे वाचणारा नवरा येथे खरा न्यायाधीश नाहीच. न्यायाधीश आहे तो ‘लोक काय म्हणतील’ नावाचा. क्रॅम्पास गोळी लागून मरतो, एफीला माहेरची दारेही बंद होतात.

लहान गावात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा उतारा फार जवळचा वाटावा. आपल्याकडेही असले प्रकरण बहुधा दोघांत राहत नाही. ते आधी एका भावाला सांगितले जाते, मग मामाला, मग ‘समजूतदार’ अशा चार माणसांना. प्रत्येक ऐकणाऱ्यागणिक परतीची वाट अरुंद होत जाते. सल्ला मागितला असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण पंच नेमलेले असतात.

आणि ती मुलगी? काही वर्षांनी मोठ्या खटपटीने एफीला ॲनीची भेट मिळते. आई पोरीला विचारते, पुन्हा येशील ना? फिरायला जाऊ ना? प्रत्येक प्रश्नाला मुलगी पढवलेल्या पोपटासारखे एकच उत्तर देते, की परवानगी मिळाली तर. एफीच्या मनातील सारी अपराधाची भावना त्या एका उत्तरापुढे जळून जाते आणि उरतो तो संताप. शाळेत ज्यांची हयात गेली त्यांना हे पान सहज उलटता येत नाही. अशा घरांतली मुले आम्हा शिक्षकांच्या लवकर ध्यानात येतात. प्रगतिपुस्तकावरची सही बदलते. पालकसभेला आजोबा येऊ लागतात. ‘आई कोठे आहे?’ या साध्या प्रश्नाला मूल उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबते, जणू कोणते उत्तर चालेल हे आठवून पाहते. फोंटानेने ते थांबणे ऐकले होते.

४

या मालिकेत रवींद्रनाथांची ‘नष्टनीड’ (१९०१) ही दीर्घकथा शेवटी घ्यावी, कारण तिने पुराव्याची कल्पनाच बदलून टाकली. सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’ (१९६४) या चित्रपटामुळे कथानक पुष्कळांना ठाऊक आहे. पण मूळ कथेचा उत्तरार्ध चित्रपटाहून वेगळा आहे आणि आपल्या विषयाचा गाभा तेथेच आहे.

भूपती वर्तमानपत्र चालवण्यात गढलेला. घरात एकटी पडलेली त्याची बायको चारू आणि भूपतीचा नात्यातला भाऊ अमल यांचे सख्य जमते ते लेखनवाचनातून. दोघांची वही ही दोघांचीच. ती इतरांना दाखवायची नाही, हीच त्यातली गोडी. अमल लग्न करून विलायतेला जातो. चारू दागिने गहाण ठेवून, उत्तराचे पैसेही आधीच भरून, त्याला गुपचूप तार करते. तारेचे उत्तर येते ते भूपतीच्या हाती. त्यात काय असते? फक्त क्षेमकुशल. ‘ऑथेल्लो’मध्ये रुमाल, फोंटानेकडे पत्रांचा जुडगा, येथे मजकुरात आक्षेप घ्यावा असा एक शब्दही नाही. भूपतीला कळते ते मजकुरातून नव्हे. ज्या बातमीसाठी नवऱ्याला विचारता आले असते, ती मिळवण्यासाठी दागिने गहाण पडले, या लपवण्यातून त्याला कळते. त्याचे अनुमान अचूक आहे. पण रवींद्रनाथ त्याला लगेच उलट्या दिशेनेही अनुमान काढायला लावतात. इतकी वर्षे या घरात चारूला लपवावे लागेल असे एकटेपण आले कसे? आपण होतो कोठे? पुरावा हाती घेऊन स्वतःलाच उलटतपासणीला उभा करणारा असा दुसरा पती मला सांगता येत नाही.

पण रवींद्रनाथ भूपतीला देवही करीत नाहीत. त्याला म्हैसूरच्या एका वर्तमानपत्राचे काम मिळते. निघताना चारू म्हणते, मलाही बरोबर न्या. भूपती क्षणभर थबकतो. दुसऱ्याचा विचार मनात बाळगणाऱ्या बाईला आयुष्यभर उराशी धरून बसायचे, हा भार त्याला पेलवेल असे वाटत नाही. ते थबकणे चारूच्या नजरेतून सुटत नाही. मग तो ‘चल’ म्हणतो, पण आता चारूच नको म्हणते. एका शब्दात कथा संपते. येथे कोणी कोणाला मारले नाही, घरातून काढले नाही, कोणी व्रतही घेतले नाही. शेवटचा शब्द बाईला मिळाला. घरटे मात्र मोडलेच.

५

आता आरंभीच्या तीन प्रश्नांची उत्तरे एकत्र ठेवू. चिठ्ठी नवऱ्याच्या हाती पडली तेव्हा बहुधा खून, द्वंद्व किंवा घटस्फोट झाला. बायकोच्या हाती पडली तेव्हा व्रत झाले किंवा मुकाट संसार. आणि किंमत मोजणाऱ्यांच्या यादीत ज्यांनी ती चिठ्ठी लिहिली नाही आणि वाचलीही नाही, अशी मुले होती. हा निष्कर्ष केवळ पुस्तकी आहे असे कोणी म्हणू नये. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ४९७ वे कलम पाहावे. त्यानुसार परस्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषावर त्या स्त्रीचा नवरा फिर्याद करू शकत असे. पण ज्या बाईचा नवरा दुसरीकडे जातो, त्या बाईला फिर्यादीचा अधिकारच नव्हता. औशीनरीचे व्रत आणि इन्स्टेटनचे पिस्तूल हे दोन्ही त्या एका कलमात शेजारी शेजारी बसले होते. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. व्यभिचार हा आता फौजदारी गुन्हा नाही. घटस्फोटाचे कारण तो आजही आहे, आणि ते कारण नवराबायको दोघांनाही सारखेच उपलब्ध आहे. म्हणजे देवलांनी रंगमंचावर कृत्तिकेच्या हाती दिलेली बरोबरी कायद्याने द्यायला सव्वाशे वर्षे लागली.

चिठ्ठीची जागाही आता बदलली आहे. भूर्जपत्र वाऱ्याने उडत असे, तसबीर हातून पडत असे, पत्रांसाठी मेज फोडावे लागत असे. आता प्रत्येकाच्या खिशात कुलूपबंद मेज आहे. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की जोडीदाराच्या नकळत ध्वनिमुद्रित केलेले पतिपत्नींचे संभाषण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून सादर करता येईल. त्याच निर्णयात न्यायालयाने असेही निरीक्षण नोंदवले आहे, की पतिपत्नी एकमेकांवर पाळत ठेवण्याच्या थराला आले असतील तर ते नाते आधीच मोडल्याचे लक्षण आहे. न्यायालयाच्या भाषेत ही गोष्ट आज आली. साहित्याने ती केव्हाच सांगितली होती. फाल्गुनरावाच्या घरात तसबीर येण्यापूर्वीच संशय नांदत होता. डॉलीच्या घरात चिठ्ठी सापडण्यापूर्वीच ते सवयीचे हसू होते. भूपतीच्या घरात तार येण्यापूर्वीच एकटेपण होते. चिठ्ठी आग लावीत नाही; आधीपासून धुमसणाऱ्या घराकडे ती आपले लक्ष वेधते.

म्हणून ज्याला अशी चिठ्ठी सापडली त्याने दुर्लक्ष करावे, असा उपदेश या कलाकृती करीत नाहीत. शार्लने दुर्लक्ष करून पाहिले. त्याचे काय झाले ते आपण पाहिलेच. त्या एवढेच सांगतात, की दिसलेला धूर आणि काढलेला अग्नी या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये एक प्रश्न विचारण्याएवढी जागा असते. मोलियरच्या प्रहसनात अखेर एक मोलकरीण पुढे होते आणि प्रत्येकाला सरळ विचारते, तुझे नेमके म्हणणे काय? तेवढ्याने सारा घोटाळा उलगडतो. चिठ्ठी खरी असेल तर प्रश्नाने घोटाळा उलगडणार नाही, दुःखही टळणार नाही. पण प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ऐकण्याची तयारी असेल, आणि उत्तर देणाऱ्यालाही उलट प्रश्न विचारण्याचा तितकाच हक्क असेल, तर पुढे जे काही होईल ते दोन माणसांमध्ये होईल. शिकारी आणि सावज यांच्यामध्ये नव्हे. बेळगावच्या शाळेत शिकवून गेलेल्या एका मास्तराने हसत हसत रचलेल्या नाटकात ही बरोबरी आहे. पुढच्या वेळी ‘संशयकल्लोळ’चा प्रयोग पाहाल तेव्हा फाल्गुनरावाला अवश्य हसा, पण कृत्तिका बोलू लागली की जरा कान देऊन ऐका.